अरुंद गल्लीतून लेथ आत नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या जळगावात एका तरुण भावाने टर्निंगच्या कामासाठी गाळा घेतलाय. जुना सहा फुटी लेथ (लोखंड फिरवून कातायचं मशीन) आणि एक पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं, भोक पाडायचं उभं मशीन) विकत घेऊन ठेवलंय. मोठ्या रस्त्यापासून गाळ्यापर्यंत सत्तरेक फूट गल्ली, रुंदी पाच फूट, मध्ये एक चेंबर आणि शेवटी शटरला चार इंचांचा उंबरा. हायड्रा (चाकांवरची क्रेन) गल्लीत शिरत नाही. हाताशी चार धट्टीकट्टी पोरं आहेत. एवढं वजन चार जणांत उचलायचं कसं, आणि हे जमेल का, असं ते विचारतात.

भाऊ, मी तीसेक वर्षं एमआयडीसीत डाळ मिलच्या मशिनी दुरुस्त करतोय. लेथ, शेपर (धातू तासायचं मशीन), ड्रिल, डाळीचे रोलर असं बरंच जड सामान या हातांनी हलवलंय. त्या जोरावर उत्तर आधीच देतो. गल्लीतलं काम चार जणांत होतं, घाई न करता एका दिवसात. गाडीवरून खाली उतरवायचं काम मात्र पोरांच्या जिवावर करू नका. त्यासाठी मोठ्या रस्त्यावर तासाभराचा हायड्रा बोलवा. फळ्या टेकवून टन-दीड टनाचं धूड साडेतीन-चार फुटांवरून घसरवत आणायचं, यात ते सुटलं की कोणाच्याच हातात काही राहत नाही. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

आणि ‘उचलायचं कसं’ हा विचार डोक्यातून काढून टाका. लेथ उचलायचा नसतोच. एक टोक बोटभर वर करायचं, खाली लाकूड द्यायचं, मग लोटायचं. तुमच्यासमोर खरे प्रश्न दोनच आहेत: हे मशीन कुठल्या क्षणी कलंडेल, आणि सुटलं तर कुठे जाईल. ही दोन उत्तरं तयार असतील तर वजनाची भीती उरत नाही.

वजन मात्र नक्की माहीत हवं. सहा फुटी लेथ म्हटलं की लोक ‘टनभर असेल’ असं सांगून मोकळे होतात. हलका लेथ पाऊण टनातही बसतो आणि जुना जाड बेडचा (बेड म्हणजे लेथचं लांब आडवं अंग) दीड टनाच्या पुढे जातो. पाटीवर वजन नसेल तर आणताना गाडी वजनकाट्यावर घ्या, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. चार पैशांत पक्का आकडा मिळतो. आणि कृपा करून छोट्या हत्तीत घालून आणू नका. त्या गाडीची क्षमता मुळात पाऊण टनाच्या आसपासची, आणि लेथचं वजन एका टोकाला जास्त असतं.

आता तोलाचं बघू, कारण अपघात इथेच होतात. लेथ लांबीला स्थिर आणि रुंदीला अस्थिर असतो. हेडस्टॉककडे (काम पकडून फिरवणारं टोक) वजन जास्त, वजन सगळं वरच्या अंगाला, आणि बऱ्याच लेथना मोटर मागे लटकवलेली असते, म्हणजे तोल मागे झुकलेला. समजा पाय 40 सेंटीमीटर रुंद आहेत, वजनाचा मध्य जमिनीपासून 70 सेंटीमीटरवर आहे आणि मोटरमुळे तो 8 सेंटीमीटर मागे सरकलाय. असा लेथ मागच्या बाजूला दहा अंश झुकला की गेला. म्हणजे पुढची बाजू पावणेसात सेंटीमीटर वर केली की पुरे. अडीच इंचांचा ठोकळा सरकवायला म्हणून कोणी उत्साहाने पुढची बाजू वर केली, तर लेथ पडण्यापासून बोटभरही लांब नसतो. म्हणून माझ्या शेडमध्ये नियम आहे: लेथची बाजू कधीच वर करायची नाही, नेहमी टोक वर करायचं. हेडस्टॉककडचं किंवा त्याच्या समोरचं, टेलस्टॉककडचं, एका वेळी एकच, दुसरं टोक पक्कं टेकलेलं.

हा नियम पुस्तकातून आलेला नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एक शेपर भिंतीपासून बाहेर काढत होतो. पाईप सरकवायला जॅक लावून एक बाजू वर घेतली. जॅकचं डोकं बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पायावर लोखंडाला लोखंड लागून होतं, मध्ये काही नव्हतं. ते सटकलं. आवाज फार मोठा झाला नाही, ‘टक्’ एवढाच. शेपर भिंतीकडे झुकला आणि आमच्या एका जोडीदाराने सावरायला हात पुढे केला. सवयीने होतं ते, सायकल पडताना आपण धरतो तसं. मशीन भिंतीला टेकून थांबलं, पण मनगट मध्ये होतं. त्या हाताने पुढे त्याला बारीक काम कधी जमलं नाही. शेपरला ओरखडासुद्धा आला नव्हता. तेव्हापासून काम सुरू करण्यापूर्वी मी प्रत्येकाकडून वदवून घेतो: मशीन पडायला लागलं तर पडू द्यायचं, हात लावायचा नाही, मागे सरायचं. मागे सरायला जागा आहे की नाही तेही आधीच बघून ठेवायचं.

आता तुमच्या गल्लीकडे येऊ. हायड्रा मोठ्या रस्त्यावर येणारच आहे, तर त्याचा पूर्ण उपयोग करून घ्या. आदल्या दिवशी लाकडाची चौकट बनवून ठेवा. साग नको, साल किंवा बाभळीचं चार बाय चार इंची लाकूड घ्या. तीन फूट लांबीचे दोन तुकडे लेथच्या दोन पायांखाली आडवे येतील असे ठेवायचे. त्यांच्या खाली सात-आठ फुटांच्या दोन लांब धावपट्ट्या, एकमेकींपासून बाहेर-बाहेर तीस इंच, बोल्टने जोडलेल्या. पुढच्या टोकांना खालून तिरका छेद द्या, म्हणजे पाईपवर चढताना अडणार नाहीत. ही चौकट दोन-अडीच इंचांच्या ठोकळ्यांवर ठेवा आणि हायड्रावाल्याला लेथ थेट तिच्यावर उतरवायला सांगा. लगेच पायांच्या फाउंडेशनच्या भोकांतून बोल्ट घालून चौकटीला आवळून टाका. बोल्ट हवेतच, नुसता दोर चालणार नाही. यामुळे लेथची उंची आठ इंचांनी वाढते, पण बूड सोळा इंचांचं तीस इंच होतं. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर कलंडायचा कोन दहावरून अठरा अंशांवर जातो. बोल्ट आवळायला लागणाऱ्या पंधरा मिनिटांत सुरक्षितता जवळपास दुप्पट होते.

हायड्राने उचलण्याआधी लेथ हलका करून घ्या. चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, काढा (बेडवर फळी टाकूनच, नऊ-दहा इंची चक पंचवीस-तीस किलो भरतो आणि निसटला तर बेडच्या धारेवर पडतो). जमलं तर मागची मोटर उतरवा, तोल लगेच सुधारतो. टेलस्टॉक आणि सॅडल (बेडवर सरकणारा, हत्यार धरणारा भाग) टेलस्टॉकच्या टोकाकडे नेऊन आवळा, म्हणजे हेडस्टॉकचा भार थोडा तोलला जाईल. पट्टा बेडखालून घ्यायचा, आणि लीड स्क्रू, फीड रॉड (बेडसमोरचे लांब दांडे) किंवा स्पिंडलवर (चक फिरवणाऱ्या दांड्यावर) वजन येतंय का ते डोळ्यांनी बघायचं. वाकलेला लीड स्क्रू परत सरळ होत नाही. लेथचं अंग बिडाचं आहे हे विसरू नका. पोलाद वाकून सूचना देतं, बीड न सांगता तुटतं.

चौकट ठोकळ्यांवर आहे, तिच्याखाली पाईप सरकवायचे. दीड इंची, जाड भिंतीचे, सगळे एकाच मापाचे, साडेतीन फूट लांब. पातळ पाईप दबून चपटा होतो आणि मग तोच ब्रेक बनतो. पाच लागतात: किमान तीन कायम खाली, बाकीचे हातात. मग जॅकने एक टोक जरा वर घेऊन ठोकळे काढायचे आणि वजन पाईपांवर सोडायचं. इथे एक गोष्ट नव्या माणसाला गोंधळात टाकते. मशीन दोन फूट पुढे जातं तेव्हा पाईप एकच फूट पुढे जातो, त्यामुळे मागचे पाईप तुम्हाला वाटतं त्याच्या आधी सुटतात. मागून सुटलेला उचलून पुढे देणारा माणूस याच कामाला ठेवा, दुसरं काही सांगू नका. पाईप पुढे ठेवताना बोटं कधीही चौकटीखाली जाता कामा नयेत. पाईप बाहेरच्या टोकाला धरायचा, जागेवर सरकवायला लाकडाची पट्टी वापरायची. वळवायचं असेल तर पाईप तिरका करायचा, हातोडीने टोकावर हलके ठोके देत. मशीन पाईपला काटकोनातच चालतं, त्यामुळे दिशा पाईप ठरवतो, ढकलणारा नाही.

जोर किती लागतो? चांगल्या कोब्यावर टनाला तीस-चाळीस किलोचा धक्का पुरतो, दोन माणसं आरामात नेतात. पण याच आकड्यात धोका लपलाय. टनाला तीस-चाळीस किलो म्हणजे पंचवीस-तीस फुटांना फूटभर उतार असला की मशीन आपोआप चालायला लागतं. जुन्या गावातल्या गल्ल्या पाणी वाहून जावं म्हणून एवढ्या उतरत्या सहज असतात, आणि डोळ्यांना ते कळत नाही. गवंड्याची पाण्याची नळी आणा आणि सत्तर फुटांची लेव्हल दहा-दहा फुटांवर मोजा. उतार निघाला तर मागून दोर हवाच, पक्क्या आरसीसी खांबाला दोन-तीन वेढे मारून एका माणसाने सैल करत जायचा. विटेच्या भिंतीला, शटरच्या चौकटीला, विजेच्या खांबाला दोर बांधू नका. आणि दोन्ही धावपट्ट्यांपुढे एक-एक लाकडी पाचर कायम चालती ठेवा.

तुम्ही जळगावचे, तुम्हाला हे सांगायला नको. कार्तिकी एकादशीला रामरथ जुन्या गावातून निघतो तेव्हा दोर ओढणारे शेकडो असतात, पण रथ वळतो आणि थांबतो तो चाकाखाली मोगरी (लाकडी पाचर) लावणाऱ्यांच्या हातांनी. त्यांची नजर चाकावरून हलत नाही. तुमच्या चार पोरांतला सगळ्यांत शांत पोरगा पाचरेवर ठेवा. सगळ्यांत ताकदवान पोरगा ढकलायला चालेल.

रस्ता तयार करणं हे ढकलण्याइतकंच मोठं काम आहे. चेंबरच्या झाकणावरून तसंच जाऊ नका, त्यावर सी-चॅनल (सी आकाराचा लोखंडी बार) किंवा दहा एमएमची प्लेट दोन्ही बाजूंना फूट-फूट टेकेल अशी टाका. शहाबादी फरशी असेल तर हातोडीने वाजवत चला. पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण करा, कारण पाईपाचा सगळा भार एका रेषेवर येतो आणि पोकळ फरशी बरोबर तिथेच फुटते. पूर्ण गल्लीभर 18 एमएमचे प्लायचे दोन तुकडे आलटून पालटून टाकत गेलात तर सगळ्यांत उत्तम. पावसात किंवा ओल्या फरशीवर हे काम घेऊ नका, दुसरा दिवस बघा.

एक अजून. पाच फुटांच्या गल्लीत साडेतीन फुटांचे पाईप म्हणजे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच उरतात. त्या नऊ इंचांत कोणीही जायचं नाही, पडलेला पाना उचलायलासुद्धा नाही. माणसं फक्त पुढे आणि मागे, आणि उतारावर तर खालच्या बाजूला कोणीच नाही, तिथून पाचर लावायची ती लांब दांड्याने. गल्लीतली पोरंबाळं बघायला जमतातच. घरोघरी आधी सांगून ठेवा आणि दोन्ही तोंडांना एक-एक माणूस उभा करा. म्हणजे चार नाही, सहा माणसं लागतील.

गाळ्यात शिरताना वळण बसतं का, हे लेथ आल्यावर बघायचं नसतं. पुठ्ठ्याचा किंवा जुन्या प्लायचा, चौकटीच्या मापाचा तुकडा कापून गल्लीतून नेऊन बघा. अर्ध्या तासात कळतं. पाईप तिरके करून वळत नसेल तर एक युक्ती आहे. वजनाचा मध्य शोधायचा: गल्लीत चालताना एकदा असा क्षण येतो की एका पाईपवर चौकट तोलून डुलायला लागते, तिथे खडूने रेघ मारून ठेवा. वळणावर त्या रेघेखाली दोन लोखंडी प्लेटा एकावर एक ठेवायच्या, मध्ये भरपूर ग्रीस. दोन्ही टोकांना पाव इंचाची फट राहील असे ठोकळे द्या. मग लेथ जागच्या जागी फिरतो, दोन माणसांत.

चार इंचांच्या उंबऱ्यासाठी सहा फुटांचे दोन चॅनल, बाहेरच्या टोकाला जमिनीवर आणि आतल्या टोकाला उंबऱ्यावर टेकवलेले, मधल्या पोकळीत लाकूड भरलेलं. अठराला एक असा चढ होतो. ढकलून चढवू नका. आतून रॅचेटच्या पुलरने (दांडा हलवून साखळी ओढायचं साधन) ओढा, पुलर गाळ्याच्या खांबाला, आणि मागे दर सहा इंचांना पाचर पुढे घेत या. पुलर ताणलेला असताना साखळीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

आत पोचल्यावर लेथ चौकटीवरून जमिनीवर घ्यायचा, आणि पहारेचं खरं काम इथे आहे. पाच फुटांची पहार, टोकापासून पाच सेंटीमीटरवर टेकू. दीडशे सेंटीमीटरच्या पहारेत एकोणतीस पट जोर मिळतो. तीस किलोचा दाब दिला तर टोकाला आठशे सत्तर किलो. एक टनाच्या लेथचं हेडस्टॉककडचं टोक साधारण सहाशे-साडेसहाशे किलो भरतं, म्हणजे एक माणूस ते उचलू शकतो. पण मूठ तीस सेंटीमीटर खाली येते तेव्हा टोक एकच सेंटीमीटर वर जातं. म्हणून हाताशी 6, 12 आणि 18 एमएमचे प्लायचे तुकडे ढिगाने हवेत. उचललं की लगेच तुकडा आत, मग पहार सैल. उतरवताना उलट: वर उचला, एक तुकडा काढा, टेकवा. मग दुसरं टोक. दोन्ही टोकांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. बॉटल जॅक असला तर तोच बरा, पण त्याच्यावर मशीन ठेवून चहाला जायचं नाही. जॅक उचलायला असतो, पेलायला लाकूड. जॅकच्या डोक्यावर प्लायचा तुकडा ठेवायला विसरू नका. तो शेपर ज्यामुळे सटकला ती चूक पुन्हा नको.

पहार दाबणाऱ्याने पहारेवर वाकायचं नाही आणि ती दोन पायांत घ्यायची नाही. बाजूला उभं राहून, तळहात उघडे ठेवून दाबायची. टेकू सटकला तर पहार उसळते आणि थेट जबड्यावर बसते. पायात बूट, गळ्यात उपरणं किंवा गमछा नको, हातात कडं-अंगठी नको. आणि हुकूम एकाच माणसाचा. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणू शकतो, आणि तो शब्द ऐकला की सगळ्यांनी थांबायचं, कारण नंतर विचारायचं.

ड्रिलबद्दल थोडक्यात. पिलर ड्रिल वजनाने लेथच्या पाव हिश्श्यात असेल, पण वर जड आणि खाली अरुंद, त्यामुळे उभं नेणं जास्त वाईट. मोटर काढा, टेबल खालपर्यंत आणून आवळा, डोकं खाली सरकत असेल तर तेही. मग दोर लावून हळूहळू पाठीवर आडवं करा, खाली दोन जुने टायर घालून. आडवं ड्रिल फळीला बांधून पाईपवर नेलं की ते कुठे पडणार नाही. ते रेडियल ड्रिल (लांब आडव्या हाताचं मोठं ड्रिल) असेल तर मला आधी सांगा, त्याची गोष्ट वेगळी आहे.

परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे हेही सांगून ठेवतो. लेथ दीड टनाच्या वर निघाला, गल्लीचा उतार वीसला एकपेक्षा जास्त निघाला किंवा गाळ्याची जमीन पोकळ निघाली, तर मी स्वतः चार पोरांना घेऊन हे करणार नाही. तेव्हा जड सामान हलवणारी सरावलेली टोळी बोलवा. आपल्याकडे 1969 चा माथाडी कायदा आहे, मंडळाकडे नोंदलेल्या टोळ्या असतात, त्यांच्यातले जुने मुकादम हे काम डोळ्यांनी मोजतात. पॉवर प्रेस तर सगळं वजन डोक्यावर घेऊन उभा असतो, तो अशा पद्धतीने कधीच नेऊ नका.

लेथ जागेवर आल्यावर लगेच काम काढायची घाई करू नका. पायांखाली शिम (पत्र्याचे पातळ तुकडे) देऊन बेड आडवा-उभा दोन्हीकडे लेव्हल करा, बारीक लेव्हल कोणाकडून तरी मागून आणा. बोल्ट आवळल्यावर पुन्हा बघा, कारण आवळताना बेडला पीळ बसतो. नवीन कोब्यावर असेल तर पंधरा दिवसांनी आणखी एकदा. वायरमनने मोटर जोडल्यावर पहिल्यांदा चक न लावता फिरवून दिशा बघा, आणि चक शेवटी चढवा, बेडवर फळी टाकूनच.